मास्तरांच्या गाडीचा रिव्हर्स

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांनी स्टेअरिंगला पहिल्यांदा हात लावला तो त्यांच्या शेजारी बसून. पुढे काय, गाडी कुणीही नेतं, असं त्यांचं ठाम मत होतं. माणूस कळतो तो मागे जाताना. जुन्या गोदामामागच्या पटांगणात त्यांनी पत्र्याचे डबे मांडून ठेवले होते. त्या डब्यांमधून उलटी गाडी वळवत आणता आल्याशिवाय ते कुणालाही परीक्षेला सोडत नसत. एका वकिलाला त्यांनी इतक्या वेळा परत पाठवलं की शेवटी तो बिचारा स्वप्नातही डबे पाडायला लागला.

जन्म सगळा लहानखुऱ्या, ठेचकाळलेल्या, नवशिक्यांनी गिअर करकरवलेल्या गाड्यांत गेला. त्यामुळे साठी जवळ आल्यावर मास्तरांना मोठ्या गाडीची हुक्की आली. एका वारलेल्या कारखानदाराची गाडी पडून होती आणि मुलाला ती दारातून हलवायची होती. गाडी जुनी होती, पण काय गाडी होती! काळी, लांबलचक, आत कातड्याच्या खुर्च्या, लाकडाची चकचकीत पट्टी, मागच्या काचांना पडदे, आणि दार लावलं की बँकेची तिजोरी बंद व्हावी तसा जाडसर, समाधानी आवाज. गिअर आपोआप बदलणारी. मास्तरांनी ती रस्त्यावरून एक चक्कर मारून आणली, दार तीनचारदा उघडून लावलं, आणि त्या आवाजावर भाळून व्यवहार पक्का केला. मुलानं गाडी आधीच रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जगाला रिव्हर्स शिकवणाऱ्या माणसानं स्वतः गाडी घेताना रिव्हर्स टाकून पाहिला नाही. पण प्रेमात पडलेला माणूस आणि चालत्या गाडीतला प्रवासी, दोघेही समोरच बघतात.

खरं सांगायचं तर या प्रेमात थोडा साडूचाही वाटा होता. मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण दातांच्या डॉक्टरांना दिलेली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण दर दोन वर्षांनी नवी गाडी घ्यायचा आणि ती दाखवायला यायचा. यायचा तो यायचा, वर मास्तरांना म्हणायचा, "तुम्ही तज्ज्ञ माणूस, चालवून सांगा कशी आहे." मास्तर चालवून यायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. रात्री मात्र कूस बदलत राहायचे. साडूचं नातंच असं, धड भावाचं नाही आणि धड शत्रूचंही नाही.

काळी गाडी दारात आली आणि आठवडाभर मास्तर जमिनीपासून वीतभर वर चालत होते. मग एकदा भाजी घेऊन निघताना त्यांनी गाडी मागे घ्यायला दांडी रिव्हर्सवर ओढली, तर गाडी विचारात पडली. म्हणजे इंजिन चालू, मागचे दिवे लागलेले, आणि गाडी जागच्या जागी. मास्तर थांबले. बऱ्याच वेळानं गाडीनं पाठीत कुणी गुद्दा घालावा तसा हिसका दिला आणि ती मागे सरकली. बायकोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. तिनं भाजी गोळा केली.

पुढे पुढे हा विचार लांबत गेला. सकाळी गार असताना गाडी कुरकुरत का होईना मागे जायची. एकदा गरम झाली की दांडी कितीही वेळा ओढा, इंजिन नुसतं ओरडायचं. पुढे जातानाही दुसऱ्यातून तिसऱ्यात पडताना मध्येच सगळं मोकळं झाल्यासारखं व्हायचं, आवाज चढायचा आणि वेग तिथेच राहायचा. जेवायला बसून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं.

शेवटी मास्तर पैलवानाकडे गेले. पैलवान हा गावातला गिअरबॉक्सवाला. अंगानं काडीपैलवान, म्हणून ते नाव. बोलायला लागला की मात्र आडवा यायचा. त्यानं खालून तेल काढलं, बोटावर घेतलं, हुंगलं आणि मास्तरांच्या नाकाखाली धरलं. तेल कॉफीसारखं काळं होतं आणि जळक्या दुधासारखा वास येत होता. आतल्या रिव्हर्सच्या प्लेटा झिजून गुळगुळीत झाल्यात, एकमेकींना धरतच नाहीत, असं त्यानं सांगितलं. आणि मग या गिअरबॉक्सच्या पूर्वजांपासून सुरुवात करून तो बोलतच राहिला. सार एवढंच होतं की सगळं उतरवून उघडावं लागेल, सुटे भाग परदेशातून येतील, तोवर गाडी त्याच्या शेडमध्ये राहील.

मास्तरांनी विचार केला. गाडी शेडमध्ये गेली की चार लोक विचारणार, काय झालं? आणि काय सांगणार? मास्तरांची गाडी मागे जात नाही? त्यापेक्षा विष घेतलेलं बरं. ते पैलवानाला म्हणाले, "भाग मागव. पण तोंडातून चकार शब्द काढू नकोस." पैलवानानं गळ्याची शपथ घेतली. चकार शब्द न काढणं हे त्याला अन्न न खाण्यासारखं होतं, पण मास्तरांनीच त्याला गाडी शिकवली होती.

त्या दिवसापासून मास्तरांनी मागे न जाता जगायला सुरुवात केली. त्यांनी गावाचा नकाशाच डोक्यात नव्यानं काढला. ज्या गल्लीला पलीकडून तोंड नाही ती गल्ली त्यांच्यासाठी संपली. ज्या दुकानासमोर गाडी तिरकी लावावी लागते त्या दुकानाचा माल अचानक वाईट निघाला. बायकोनं विचारलं की आपण इतक्या लांबून का आलो, तर म्हणायचे, रस्ता छान आहे. बोळात समोरून कुणी आलं की मास्तर दिवे लावून, हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं बसून राहायचे. गाडीच एवढी भारदस्त की समोरचाच मागे जायचा. एकदा तर त्यांचा एक जुना शिष्य अख्खा बोळ उलटा गेला आणि वर काच खाली करून त्यानं विचारलं, "बरोबर घेतली ना मास्तर?" मास्तरांनी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात डॉक्टरांचं बोलावणं आलं. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी नवा दवाखाना थाटला होता आणि त्यानिमित्त घरच्यांना, चार मित्रांना दुपारचं जेवण होतं. डॉक्टरांचं घर म्हणजे नेमकी आंधळी गल्ली, शेवटी फाटक आणि आत अरुंद पोर्च. मास्तरांनी आदल्या दिवशी चालत जाऊन जागा पाहून ठेवली. गाडी मोठ्या रस्त्यावरच लावायची, तोंड घराकडे, म्हणजे आपल्या घराकडे, आणि गल्लीत पायी जायचं.

पण गाडी मोठ्या रस्त्याच्या कडेला येते न येते तोच डॉक्टर स्वतः सामोरे आले. नवा कोट, तोंडभर हसू. मास्तरांनी काच खाली केली.

"छे छे, इथं नाही," डॉक्टर म्हणाले. "थोरल्या साडूची गाडी रस्त्यावर? सरळ आत घ्या, पोर्चमध्ये. लोकांना दिसू द्या."

मास्तर म्हणाले की नको, इथं सावली आहे. डॉक्टर म्हणाले, पोर्चमध्ये जास्त आहे. मास्तर म्हणाले, तुमची गाडी आत असेल. डॉक्टर म्हणाले, तिच्यामागे भरपूर जागा आहे. एवढ्यात मागून दोन गाड्या येऊन भोंगे वाजवायला लागल्या. बायको म्हणाली, "अहो, एवढं म्हणतायत तर घ्या ना." डॉक्टर पुढे उलटे चालत, दोन्ही हातांनी खुणा करत, विमान आणावं तसे गाडीला गल्लीतून, फाटकातून आत घेऊन आले आणि आपल्या नव्या गाडीच्या शेपटाला हातभर अंतर ठेवून त्यांनी तळहात दाखवला. मास्तरांनी इंजिन बंद केलं. उंदराला पिंजऱ्यात शिरल्यावर जे वाटत असेल ते त्यांना वाटलं, फरक इतकाच की उंदराला निदान खायची इच्छा असते.

जेवण उत्तम होतं असं सगळे म्हणाले. मास्तरांना काही आठवत नाही. गिअरबॉक्स गार झाला असेल का, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं ध्यान होतं. मधूनच ते उठून बाहेर जायचे, गाडीखाली हात घालून अंदाज घ्यायचे आणि परत येऊन भात कालवायचे. मेहुणीनं विचारलं, "भाऊजी, काही हरवलंय का?" तर म्हणाले, हवा बघत होतो.

डॉक्टरांची एक मावशी त्या दिवशी प्रमुख पाहुणी होती. आईमागे तिनंच डॉक्टरांना वाढवलेलं. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली, आवाज अजून वसतिगृहातलाच. संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जायचं होतं आणि स्टेशनवर डॉक्टर सोडणार होते. सगळे पाहुणे पांगले, फाटकाबाहेरच्या गाड्या एकेक करून गेल्या, मावशी बॅग घेऊन पायऱ्यांवर येऊन उभी राहिली.

"चला मास्तर," डॉक्टर म्हणाले, "तुमची जरा मागे घ्या, म्हणजे माझी निघेल."

मास्तर गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. मनातल्या मनात गाडीला म्हणाले, बाई, आजच्या दिवस. दांडी रिव्हर्सवर ओढली. गाडी विचारात पडली. मास्तर वाट पाहत राहिले. मग त्यांनी अॅक्सिलरेटर थोडा दाबला. इंजिन ओरडलं, पायरीवरचं मांजर पळालं, गाडी ढिम्म. परत दांडी पुढे, परत मागे. घसा खाकरून ते म्हणाले, "ही गाडी जरा सवडीनं घेते."

"माझी आगगाडी नाही घेत," मावशी म्हणाली.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर इतका वेळ जे काही मिशीत दडलं होतं ते आता मावळायला लागलं, हे मास्तरांना दिसलं, पण अर्थ लागला नाही. डॉक्टरांनी टॅक्सीला फोन केला. टॅक्सीवाला म्हणाला, गावात आज सगळ्या गाड्या लग्नाला गेल्यात, तासाभरानं बघतो. मावशीनं घड्याळ पाहिलं. त्या पाहण्यात डॉक्टरांचं सगळं बालपण होतं, कारण ते ताबडतोब कोट काढून म्हणाले, "ढकलू या."

आता ढकलायची तर पुढून, म्हणजे दोन गाड्यांच्या मधल्या हातभर फटीत शिरून. आणि स्टेअरिंगवर कुणीतरी पाहिजे, कारण फाटकाचे खांब दोन्ही बाजूंनी टपलेले. मेहुणीला गाडी येत नव्हती. मास्तरांच्या बायकोलाही येत नव्हती, अशी मास्तरांची तरी समजूत होती. लग्नानंतर नवी नवरी म्हणून त्यांनी तिला शिकवायला घेतली होती; पहिल्याच चौकात ते असं काही बोलले की ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून घरात तो विषय बंद होता.

बायकोनं पर्स मेहुणीच्या हातात दिली, गाडीला वळसा घालून आली आणि म्हणाली, "उतरा."

"अगं, तुला..."

"इंजिन चालूच ठेवते. बंद केलं तर स्टेअरिंग जड होईल आणि ब्रेकही लागणार नाही. दांडी न्यूट्रलला घेते. ढकला म्हटलं की ढकला, थांबा म्हटलं की अंग काढून घ्या."

तिनं खुर्ची पुढे ओढली, तिन्ही आरसे एकामागून एक नीट केले आणि मान मागे वळवली. मास्तर तोंड उघडं ठेवून फटीत शिरले.

दोन साडू पाठीला पाठ नव्हे, खांद्याला खांदा लावून काळ्या गाडीच्या नाकाला भिडले. गाडी कसली, हत्ती होता. बूट घसरायला लागले तसे टेकू म्हणून मास्तरांनी एक पाय मागच्या नव्या गाडीच्या बंपरवर रोवला. डॉक्टर कळवळले, "अहो, रंग!" मावशी पायरीवरून म्हणाली, "रंग राहू दे, तूही पाय लाव." आणि डॉक्टरांनी आपल्याच नव्या गाडीवर आपलाच बूट रोवला. आपलेच दात, आपलेच ओठ. हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

गाडी हलली. बायको शांतपणे सांगत होती, हळू, अजून हळू, थांबा, आता जोर. आधी चाकं थोडी डावीकडे, मग सरळ, मग खांबापाशी अगदी शेवटच्या क्षणी उजवीकडे. फाटकाच्या खांबात आणि आरशात बोट जाईल एवढीच जागा राहिली, पण राहिली. गल्लीतल्या रुंद जागी तिनं दोघांना गाडीच्या एका कोपऱ्याला जोर लावायला लावून शेपूट आत वळवून घेतलं, आणि गाडीचं तोंड मोठ्या रस्त्याकडे झालं. डब्यांच्या पटांगणावर मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही हे इतकं नेटकं जमलं नव्हतं. मास्तरांना धाप लागली होती.

"कुठं शिकलीस?" त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं.

"टाकीजवळच्या बाईंकडे."

टाकीजवळच्या बाई म्हणजे गाडी शिकवणारी गावातली दुसरी शाळा, मास्तरांची स्पर्धक. या बाई शिष्यांवर ओरडत नाहीत, मग ते शिकतील कसे, असं मास्तर वर्षानुवर्षं सांगत आले होते.

"कधी?"

"आपली मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा. तुम्ही दुपारी झोपायचात."

एवढ्यात मावशी आली. काळ्या गाडीचं मागचं दार उघडून तिनं कातड्याची खुर्ची हातानं दाबून पाहिली, पडदा सरकवून पाहिला आणि आत बसली. "हीच बरी आहे," ती म्हणाली. "पुढे तर जाते ना? मला पुढेच जायचंय." मेहुणी पुढच्या खुर्चीत बसली. दार तिजोरीसारखं लागलं आणि तिघी बायका निघून गेल्या. मोकळी झालेली डॉक्टरांची गाडी पोर्चमध्ये तशीच उभी राहिली, बंपरवर बुटांचे दोन ठसे घेऊन.

दोघे साडू पायरीवर बसले. डॉक्टरांचा नवा शर्ट बगलेत उसवला होता. मग डॉक्टरांनी सांगून टाकलं. ती काळी गाडी मास्तरांच्या आधी ते स्वतः पाहून आले होते. त्यांनी ती कारखानदाराच्या अंगणातच मागे घेऊन पाहिली, ती गेली नाही, म्हणून सोडून दिली. मास्तरांनी घेतल्याचं कळलं तेव्हा फोन करणार होते, पण केला नाही. उलट मास्तर बोळाबोळांत हात जोडून बसतात हे पैलवानाकडून ऐकून महिनाभर करमणूक झाली. आज पोर्चमध्ये घ्यायला लावली ती मुद्दाम. फक्त आपली गाडी तिच्यापुढे अडकेल, एवढं डोक्यात आलं नाही.

"पैलवान बोलला तर," मास्तर म्हणाले.

"दाढ काढायला आला होता. भूल दिली की माणसं फार बोलतात."

मास्तरांना राग यायला हवा होता. त्यांनी तो आणून पाहिला, पण तोही रिव्हर्ससारखाच निघाला, आवाज झाला आणि पुढे काही घडलं नाही. त्यांच्या मनात गाडी नव्हतीच. ते म्हणाले, "डॉक्टर, मी दुपारचा झोपतो, आणि इतकी वर्षं माझी बायको गाडी चालवते."

"मला ठाऊक होतं," डॉक्टर म्हणाले. "ती इथंच यायची. तुमच्याच शाळेची गाडी घेऊन. तुमचा बोर्ड टपावर."

यावर मास्तरांच्या पोटातून हसू आलं. टपावर लावलेला आपलाच 'शिकाऊ' असा बोर्ड, आणि खाली ती! ते इतके हसले की डॉक्टरांनाही हसावं लागलं, आणि मग दोघांना आवरेना.

बायका परतल्या तेव्हा अंधारायला आलं होतं. मावशी वेळेत गेली होती. नंतर त्या दोघी बहिणी धरणापर्यंत जाऊन आल्या होत्या. बायकोनं किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि सांगितलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात घसरतेय, चढावर तर फारच, उद्याच्या उद्या पैलवानाकडे टाका. मास्तर हो म्हणाले. लग्न झाल्यापासून गाडीच्या बाबतीत त्यांनी तिला हो म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

गिअरबॉक्स उतरला, उघडला. पैलवानानं झिजलेल्या प्लेटा टेबलावर मांडून जो येईल त्याला दाखवल्या. आता शपथ सुटली होती. मास्तरांनी लोकांना हसू दिलं. ज्या शिष्यानं अख्खा बोळ उलटा घेतला होता तो तर खास भेटायला आला.

सुटे भाग यायला वेळ होता. त्या मोकळ्या दिवसांत एकदा मास्तर टाकीजवळच्या बाईंकडे गेले. गेले ते आभार मानायला. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी मास्तर म्हणाले, "आमच्या घरातून एक विद्यार्थिनी तुमच्याकडे होती."

"होती ना," बाई म्हणाल्या. "हुशार होती. फक्त ब्रेक उशिरा लावायची."

मास्तर ताठ झाले. तसं काही नाही, म्हणाले, मी स्वतः पाहिलंय, वेळेवर लावते. बाई हसल्या. मास्तर नमस्कार करून उठले आणि घरी येईपर्यंत त्या वाक्यावर धुमसत राहिले.

गाडी आली. दांडी रिव्हर्सवर ओढली की लोण्यातून सुरी जावी तशी मागे जायची. पहिल्या रविवारी दोघांनी मुलीकडे जायचं ठरवलं, तिचं घर तीन तासांवर. मास्तर किल्ली घेऊन निघाले, गाडीपाशी थांबले, आणि मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. बायकोनं खुर्ची पुढे ओढली. गावाबाहेर पडेपर्यंत त्यांचा उजवा पाय दर वळणाला समोरची सतरंजी दाबत होता, पण तोंडातून एक अक्षर निघालं नाही. पुलापाशी एक ट्रक आडवा आला. तिनं ब्रेक लावला. उशिरा लावला, खरंच थोडा उशिरा.

"बोला," ती म्हणाली. "पोटात ठेवू नका."

मास्तरांनी काच खाली केली आणि ट्रकवाल्याला शिव्या घातल्या.